वेताळ, बहादूर आणि एक खोडरबर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८२च्या दहावीच्या तुकडीतील एका विद्यार्थ्याने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणीचा असेल. म्हणून मी उचललाच नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलला, तर म्हणे, "तुला वीस मिनिटं बोलायचं आहे." मी म्हटलं, कशावर? तर म्हणे, "तुझ्या त्या कॉमिक्सच्या जत्रांवर बोल. डॉक्टर लोक बीपी-शुगरवर बोलणार आहेत, एक जण सोयाबीनच्या भावावर बोलणार आहे. मध्ये जरा हलकं काही पाहिजे."

तर मी हलकं बोलायला उभा आहे. शेवटपर्यंत हलकं राहीलच असं नाही, कारण मला आज एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी देतो. आधी दिली तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी पोस्टातला माणूस म्हणून माहीत आहे. गेल्या महिन्यात निवृत्त झालो. बुकपोस्ट, पार्सल, रजिस्टर यांत आयुष्य गेलं. ते रजिस्टरसुद्धा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणजे आम्ही दोघं मागेपुढेच निवृत्त झालो म्हणा. पण पोस्टाच्या बाहेर माझी आणखी एक नोकरी होती, बिनपगारी. मी जुने कॉमिक्स गोळा करतो. मराठी इंद्रजाल कॉमिक्स.

आपल्या वेळच्यांना समजावून सांगायची गरज नाही, पण इथे आपली नातवंडं बसली आहेत म्हणून सांगतो. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला अंक वेताळाचा होता. किंमत ६० पैसे. आधी महिन्याला एक अंक निघे, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला. १९९० साली बंद पडलं तोवर आठशेच्या वर अंक झाले होते. इंग्रजी, हिंदी, बंगालीत निघत आणि मराठीतही निघत. वेताळ आणि मँड्रेक हे दोघंही ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालेले. मँड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. आपल्याला मात्र वेताळ हा अमेरिकेतून आला आहे हे कधी वाटलंच नाही. मसणवट्याजवळच्या पिंपळावर वेताळ असतो हे आपल्याला आजीने आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे तो जांभळे कपडे घालून कवटीच्या गुहेत राहायला गेला, एवढंच काय ते नवीन.

१९७६ साली त्यात बहादूर आला. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला. भगवा कुर्ता, खाली जीन्स. डाकूचा मुलगा, पण ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मेला त्यानेच वाढवलेला. त्याच्याबरोबर बेला. ती नुसती वाट पाहत बसणारी नव्हती, हाणामारीत उतरणारी होती. बेलाचं नाव लक्षात ठेवा, ती पुढे लागेल.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. आपला जिल्हा झाला १९९८ला. अंक अकोल्याहून यायचे, आणि यायचे तेव्हा यायचे. मीटरगेजची गाडी, तिच्याशी भांडण कोण करणार. नवा अंक विकत घ्यायला रुपया लागे, आणि रुपया आपल्यापैकी किती जणांकडे होता? म्हणून एक अंक वर्गात आला की तो पंचवीस घरं फिरायचा. दप्तरात भूगोलाच्या पुस्तकात लपवून. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे दोघांनी एकदम वाचायचा. जो लवकर वाचे तो पान उलटायला घाई करी आणि मारामाऱ्या होत. सर, तुम्ही हसता आहात, पण तुमच्या कपाटात तेव्हा जप्त केलेले किती अंक होते ते आम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही ते वाचत होता हेही माहीत आहे, कारण परत मिळालेल्या अंकात एकदा विड्याच्या पानाचा डाग सापडला होता.

शाळेच्या वाचनालयात चांदोबा होता, किशोर होतं. ते उघडपणे वाचता येई. चांदोबा मराठीत १९५२पासून, किशोर १९७१पासून. बालभारतीने किशोरचे जुने अंक आता घरबसल्या वाचायला ठेवले आहेत, नातवंडांना दाखवा. पण इंद्रजाल हा चोरून वाचायचा माल होता आणि म्हणून तो कुठल्याच वाचनालयात नव्हता. याचा परिणाम काय झाला ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

माझी स्वतःची एक पत्र्याची पेटी होती. दहावी होईपर्यंत तिच्यात ऐंशीच्या आसपास अंक जमले होते. १९८५ला मी पोस्टात लागलो आणि ट्रेनिंगला बाहेरगावी गेलो. दिवाळीला घरी आलो तर माळ्यावर पेटी होती, पेटीत गोधड्या होत्या. आईला विचारलं. ती म्हणाली, "देल्ले रद्दीवाल्याले. उंदरं झाल्ते त्याच्यात. अन् तू आता नोकरीवाला, तुले कायले पायजेत चित्राचे पुस्तकं?" त्या पैशात तिने एक स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून आमच्या घरी आहे. रवा असतो त्यात.

मी आईवर रागावलो नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन दिवस बोललो नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात पेपरात एक बातमी आली होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात तीन भावांना वारलेल्या आईच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, १९३९चा सुपरमॅनचा पहिला अंक सापडला. लिलावात त्याचे ९१ लाख २० हजार डॉलर आले. आपले ऐंशी कोटींच्या घरात. बायकोने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि रव्याच्या डब्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

आता जत्रांकडे येतो.

कॉमिक्स वाचणाऱ्यांनी एका जागी जमायचं, जुने अंक विकायचे, बदलायचे, चित्रकारांना भेटायचं, ही पद्धत अमेरिकेतली. न्यूयॉर्कला १९६४च्या जुलैत असं पहिलं संमेलन भरलं. म्हणजे तिकडे संमेलन सुरू झालं आणि इकडे इंद्रजाल सुरू झालं, एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने. सॅन डिएगोचं प्रसिद्ध संमेलन १९७०चं. पहिल्या उन्हाळ्यात तिथे तीनशेच्या आसपास माणसं होती, आता लाखाच्या वर जातात. आपल्याकडे हे यायला २०११ उजाडलं. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीला दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन झालं. त्यात अनंत पैंना जीवनगौरव दिला. अमर चित्रकथावाले अनंत पै, आणि इंद्रजाल सुरू झालं तेव्हाही टाइम्समध्ये असलेले. त्यांना प्रकृतीमुळे जाता आलं नाही, आणि पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला ते गेले. ती बातमी मी पोस्टाच्या काउंटरवर वाचली. वाटलं, आपण उशीर करत आहोत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईला भरलं, कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. मी रजा टाकली. घरी सांगितलं, खात्याचं काम आहे. वाशीमहून एसटीने अकोला, अकोल्याहून रात्रीची अमरावती–मुंबई, सकाळी व्हीटी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात सँडल, हातात पोस्टाच्या कापडाची पिशवी, पिशवीत आईच्या हातचे धपाटे आणि हव्या असलेल्या अंकांची यादी. दारात मनगटाला कागदाची पट्टी बांधली. आत पाहतो तर काय! पाच-सहा स्पायडरमॅन, एक पोरगी निळे केस करून आलेली, एक जण पुठ्ठ्याचं चिलखत घालून उभा आणि घामाने निथळलेला. सगळी आपल्या पोरांच्या वयाची. फोटो काढत होती, एकमेकांना ओळखत नसताना हसत होती. मला ते आवडलं, खरं सांगतो. आपल्याकडे बालाजीच्या यात्रेत सोंगं घेतलेली माणसं असतात, तसंच. एका पोराने मला अदबीने विचारलं, "अंकल, तुम्ही कोणतं कॅरेक्टर आहात?" मी म्हटलं, पोस्टमन. तो म्हणाला, "कूल," आणि माझ्याबरोबर फोटो काढून गेला.

मग मी कामाला लागलो. दर स्टॉलवर एकच प्रश्न, "जुने मराठी इंद्रजाल आहेत का?" टी-शर्ट होते, कप होते, बाहुल्या होत्या, चकचकीत इंग्रजी अंक होते. अमर चित्रकथा होती, हिंदी राज कॉमिक्स होते. एका पोराला मी सांगितलं की तुझा हा नागराज वर्षानुवर्षं ज्यांनी काढला ते प्रताप मुळीक आपले पुण्याचे. आणि टिंकलमधला सुप्पंडी काढला तो राम वाईरकरांनी. त्याला खरंच वाटेना. मराठी माणसं काढत होती सगळं, पण मराठीतला अंक मला त्या दिवशी एकही दिसला नाही. पुढच्या एका वर्षी अभिजित किणींची अँग्री मावशी पाहिली. नऊवारीतली मावशी, हातात बंदूक. मोठ्या आनंदाने उघडली, तर मावशी इंग्रजी बोलते! तरी घेतली. चित्रं झकास आहेत.

दुपारी मी हताश होऊन बाहेर पायरीवर धपाटे खायला बसलो. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस, झोळी मांडीवर घेऊन बसलेला. झोळीतून कागद काढला, चष्मा लावला, पेन्सिलीने काहीतरी खोडलं. मी वाकून पाहिलं. आकड्यांचे तीन रकाने होते. पहिल्यावर लिहिलेलं, आहे. दुसऱ्यावर, हवा. तिसऱ्यावर, दोन आहेत.

मी माझी यादी काढून त्याच्यासमोर धरली. माझेही तीनच रकाने होते.

माझ्यासाठी कॉमिक कॉन म्हणजे ती पायरी. आतल्या दिव्यांसाठी लोक तिकीट काढतात, मी त्या पायरीसाठी काढतो. तो भुसावळचा रेल्वेतला माणूस. त्याने कांदिवलीच्या एका कापडवाल्या गुजराती शेठला बोलावलं, शेठने नांदेडच्या एका कॉलेजच्या पोराला. चौघांनी वर्तमानपत्र पसरलं आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. पुढे दर वर्षी-दोन वर्षांनी आम्ही भेटत गेलो. संमेलन कफ परेडवरून गोरेगावला गेलं, आमची पायरी तिकडे गेली. मध्ये मी दिल्लीलाही जाऊन आलो एकदा, पण तिथे सगळे हिंदी अंकांचे शौकीन. मराठीचं नाव काढलं की प्रेमाने चहा पाजतात, बस.

या धंद्याचे काही कायदे आहेत, ते तुम्हाला सांगतो. सगळे अंक एकदम काढायचे नाहीत. जो अंक जिवापाड हवा आहे तो हातात आला की लगेच खाली ठेवायचा, आणि भलत्याच अंकाची चौकशी करायची. मुरलेला माणूस यावरूनच ओळखतो की तुला तोच हवा आहे, पण रीत पाळायची. मग तपासणी. आधी पिना पाहायच्या, गंजल्या आहेत का. गंज पानाला खातो. मग मधली जोडपानं मोजायची, कारण पोरं चित्र कापून भिंतीला लावत. कसर लागली आहे का ते उजेडासमोर धरून पाहायचं. कव्हरवर ओलं बोट फिरवायचं. हल्ली रंगीत झेरॉक्स काढून कव्हर चिकटवणारे महाभाग निघाले आहेत. कोणी बाइंडिंग करून कडा कापल्या असतील तर किंमत निम्मी. आणि शेवटी पहिलं पान उघडून पाहायचं, कोणाचं नाव आहे का.

नाव असलं की भाव पडतो. जगभर हाच नियम आहे. कोरा, न वाचलेला, न हाताळलेला अंक सगळ्यात महाग. अमेरिकेत तर अंकाला गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात. म्हणजे तो कोणी वाचूच नये. मला हे विचित्र वाटे, पण नियम म्हणून मीही तो पाळत होतो.

आता कबुली.

आईने पेटी रद्दीत दिली तेव्हा एक अंक वाचला होता. तो माझ्याबरोबर ट्रेनिंगला होता. बहादूरचा, अगदी सुरुवातीच्या अंकांपैकी. माझ्या सगळ्या संग्रहाचा पहिला अंक तो. आणि तो माझा नव्हता.

आठवीत असताना, १९७९ साली, मी तो आपल्या वर्गातल्या एका मुलीकडून वाचायला घेतला होता. मुलीशी बोलायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून तिच्या धाकट्या भावामार्फत. तिच्या मामाने तो नागपूरहून आणला होता. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिचं नाव, खाली 'इयत्ता ८ वी अ', खाली 'वाशीम'. अक्षर असं की छापल्यासारखं. मी दोन दिवसांत देतो म्हणालो. मग आज देऊ, उद्या देऊ. भाऊ विचारायचा, मी सांगायचो, घरी राहिला. महिन्याने तो विचारेनासा झाला. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि तिने शाळा सोडली. तेव्हाच्या किती मुलींची नावं आपल्या दहावीच्या निकालात नाहीत ते आठवा.

तो अंक चाळीस वर्षं माझ्याकडे होता.

२०१८ साली गोरेगावच्या एक्झिबिशन सेंटरला आम्ही पायरीवर बसलो होतो. पुण्याहून एक गृहस्थ आले. मोठे संग्राहक, माणूस सज्जन. त्यांना बहादूरचा तोच अंक हवा होता, मराठीतला. त्यांनी पिशवीतून चार अंक काढून पेपरवर मांडले. तीन वेताळ, एक मँड्रेक, चारही ६० पैसे किंमत असलेले, म्हणजे अगदी आरंभीचे. मी अर्थातच ते खाली ठेवले आणि भलतीच चौकशी केली. त्यांनी माझा अंक उघडला, पिना पाहिल्या, पानं मोजली, वास घेतला. मग पहिलं पान. म्हणाले, "नाव आहे हो. नाव असेल तर दोनच देईन."

मी म्हटलं, पेन्सिलीचं आहे. थांबा.

आत गेलो. लहान पोरांच्या स्टॉलवर स्पायडरमॅनच्या डोक्याचा खोडरबर मिळाला, दीडशे रुपयांना. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि नाव पुसलं. हळूहळू, कागद चुरगळू नये म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरून. आधी 'वाशीम' पुसलं, मग इयत्ता, मग नाव. पेन्सिल गेली, पण दाबून लिहिलेलं होतं, त्यामुळे तिरकं धरलं की खाचा दिसत होत्या. त्यांनी तिरकं धरलं नाही. मला चार अंक मिळाले.

त्या रात्री गाडीत मला आनंदाने झोप लागली नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मला लगेच पश्चात्ताप झाला. काही झाला नाही. तीन-चार वर्षं झाला नाही.

मग आपला हा ग्रुप निघाला. ज्यांनी काढला त्यांनी फार चांगली गोष्ट केली, ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांनाही शोधून घेतलं. एका सकाळी गुलाबाच्या फुलांच्या आणि सुप्रभातांच्या मधून तिचं नाव आलं. सासरचं आडनाव होतं, पण कंसात माहेरचं. मी संग्रहाचं कपाट उघडलं आणि पहिल्यांदाच असं केलं की अंकांऐवजी नुसती नावं वाचत बसलो. माझ्याकडे चारशेच्या आसपास मराठी अंक आहेत. शंभरावर नावं असतील. कारंज्याचं एक पोरगं आहे, त्याने नावाखाली 'हा अंक चोरणाऱ्याला वेताळाची शपथ' असं लिहिलं आहे. रिसोडच्या दोन भावांनी अर्धा-अर्धा अंक आपसांत वाटून मध्ये रेघ मारली आहे. मंगरूळपीरच्या एका भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानाचा शिक्का आहे, 'रोज १० पैसे'. कोणत्या वाचनालयात हे अंक नाहीत, मागे एका ठिकाणी मी स्वतः विचारून आलो, ते म्हणाले, कॉमिक्स ठेवत नाही. मग या भागातली पोरं मराठीत हे वाचत होती याचा कागद कुठे आहे? या कोपऱ्यांतच आहे. आणि त्यातला एक मी दीडशे रुपयांच्या रबराने पुसला होता.

मी तिला फोन केला. चार दिवस लागले हिंमत करायला. सांगितलं. ती आधी खूप हसली. म्हणाली, "बेला होती ना त्याच्यात? लाथ मारते ती, ट्रकवरून?" सत्तेचाळीस वर्षांनी तिला ते चित्र आठवत होतं. मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या बाबांनी भावाले मारलं होतं त्याच्यापायी. तूच हारवला म्हनून. तो सांगत होता, मी देला त्याले, मी देला त्याले. कोनी ऐकलं नाही."

हे मला माहीत नव्हतं.

भावाचा नंबर घेतला. तो संभाजीनगरला असतो. त्यालाही फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये काही बोलला नाही. शेवटी "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाही मी. काय म्हणून करू?

पुण्याच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मुलाच्या परदेशाच्या शिक्षणाच्या वेळी संग्रहातले बरेच अंक विकले, त्यात तो गेला. कोणाकडे गेला ते शोधायला त्यांनी मदत केली, अजून करत आहेत. मी त्यांना सांगितलं आहे की मिळाला तर पहिलं पान तिरकं धरून पाहा.

दरम्यान आमच्या पायरीवरच्या त्या नांदेडच्या पोराने, आता तो पोरगा नाही, दोन लेकरांचा बाप आहे, तोच अंक दुसरीकडून शोधून पाठवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पुढच्या कॉनला धपाटे आणा. अंकाची अवस्था वाईट आहे. मागचं कव्हर नाही, पिना गंजल्या आहेत, आणि पहिल्या पानावर शाईने भलत्याच कोणाचं तरी नाव आहे, गाव परभणी. मी त्याला हात लावलेला नाही.

तो अंक या पिशवीत आहे. जिचा आहे ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिने नाव घेऊ नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून घेत नाही. पण आता सगळे वळून वळून पाहत आहात, तेव्हा काय उपयोग. चहाच्या वेळी देतो. मागचं कव्हर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर भांडण नको.

आता माझं काम. तुमच्या घरी माळे आहेत. आई-वडील ज्यांचे गेले त्यांच्या जुन्या घरात अजून पेट्या आहेत, मला माहीत आहे, दर दिवाळीला कोणीतरी सांगतं, "अरे तुझ्यासारखे काही पुस्तकं दिसले होते." दिसले की रद्दीत देण्याआधी मला एक फोन करा. मला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा, पण पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवा. नाव, इयत्ता, गाव. मी एक वही केली आहे, तिच्यात उतरवून घेतो. डांबरगोळ्या घाला, पण कागदाला लागू देऊ नका. आणि अंकावर पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर ते पुसू नका. अंक मळलेला असला तरी चालेल.

सर, तुमच्या त्या कपाटाचं काय झालं, तेही एकदा विचारायचं होतं. आता हसू नका, खरंच विचारतो आहे. सोडलंत तेव्हा किल्ली कोणाकडे दिली?

बरं, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. सोयाबीनवाले थांबले आहेत.